‘काहीतरी चुकलं’ म्हणजे नक्की काय? कस्टम एक्सेप्शन, सोप्या भाषेत

चेक वटला नाही की बँक तो नुसता परत करत नाही, सोबत एक छोटा कागद जोडते. रिटर्न मेमो. त्यावर कारण छापलेलं असतं: खात्यात पुरेसे पैसे नाहीत, सही जुळत नाही, चेकची मुदत उलटून गेली, खातेदाराने पेमेंट थांबवलं. घटना एकच, चेक परत आला. पण आपण पुढे काय करायचं ते त्या एका ओळीवर ठरतं. सही जुळली नसेल तर माणूस फोन करतो, ‘काका, सही नीट करून दुसरा चेक द्या.’ पैसेच नसतील तर वकिलाकडे जातो, कारण बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस धाडावी लागते. आणि मुदत गेली असेल (२०१२ पासून ती तीनच महिन्यांची आहे) तर कोणाला बोल लावणार? चेक कपाटात ठेवून आपणच विसरलेलो असतो.

आता फोनवरचं कुठलंही अ‍ॅप आठवा. ‘काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ हा मेमोशिवाय परत आलेला चेक. कधी कधी कारण मुद्दाम लपवलेलं असतं, सुरक्षेसाठी, ते ठीक. पण पुष्कळदा अ‍ॅपच्या त्या पडद्यालाही कारण ठाऊक नसतं. आत कुठेतरी ते कळलेलं होतं, वर येता येता हरवलं.

ते हरवू नये म्हणून प्रोग्रॅमिंगमध्ये जी सोय आहे, तिचं नाव कस्टम एक्सेप्शन, म्हणजे चुकीच्या कारणाला आपण स्वतः दिलेलं नाव. इंजिनिअरिंगला जावा शिकलेल्या प्रत्येकाने हे एकदा लिहिलेलं असतं: वय १८ पेक्षा कमी असेल तर ‘इनव्हॅलिड एज एक्सेप्शन’. जर्नलमध्ये प्रॅक्टिकल उतरलं, सही मिळाली, विषय संपला. हे करायचं कशासाठी, ते विचारायला तिथे कोणाला वेळ नसतो.

मी इथे पायथन घेतो, कारण त्यात लिहावं कमी लागतं. तत्त्व जावा, सी शार्प, सी प्लस प्लस सगळीकडे तेच.

## आधी साधं एक्सेप्शन समजून घेऊ

समजा एका पतसंस्थेचा प्रोग्रॅम आहे. पडद्यावर सभासद ‘पैसे काढा’ दाबतो. पडद्याचं फंक्शन ‘पैसे काढा’ या फंक्शनला हाक मारतं, ते ‘शिल्लक तपासा’ला, ते डेटाबेसला. फंक्शन म्हणजे एक नेमून दिलेलं काम करणारा कोडचा तुकडा.

गंमत अशी की काय बिघडलं ते सगळ्यात खालच्याला कळतं, पण त्याचं करायचं काय हे त्याला ठाऊक नसतं. शिल्लक तपासणाऱ्याला एवढंच दिसतं की खात्यात ३०० आहेत आणि मागितले ५००. सभासदाला काय सांगायचं, मॅनेजरला कळवायचं का, उद्या पुन्हा बघायचं का, हे ठरवणारा वर बसलेला असतो. आणि वरच्याला खाली काय झालं याचा पत्ता नसतो.

या दोघांमधला निरोप म्हणजे एक्सेप्शन. पुस्तकात त्याला ‘अपवाद’ म्हणतात, ऑफिसात मात्र ‘एक्सेप्शन आलं’ असंच ऐकू येतं. खालचा ते फेकतो, त्याचं काम तिथेच थांबतं. निरोप त्याला हाक मारणाऱ्याकडे जातो, त्याने पकडला नाही तर त्याच्याही वरच्याकडे. कोणीच पकडला नाही तर प्रोग्रॅम बंद पडतो आणि पडद्यावर ती लांबलचक ओळींची माळ उमटते.

जुन्या सी भाषेत याऐवजी फंक्शन ‘उणे एक’ परत करायचं, म्हणजे गडबड आहे असं समजून घ्यायचं. बोलावणाऱ्याने ते तपासलं तर ठीक, विसरला तर प्रोग्रॅम काही झालंच नाही अशा थाटात पुढे. उणे एक म्हणजे दाराखालून सरकवलेली चिठ्ठी, पायाखाली आली तरी कळत नाही. एक्सेप्शन म्हणजे दारात आडवा उभा राहिलेला माणूस. त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

## भाषेत तयार एक्सेप्शन असताना आपली कशाला?

पायथन सोबत बरीच तयार एक्सेप्शन्स देतं. शून्याने भागलं की ‘झीरो डिव्हिजन एरर’, डिक्शनरीत (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या संग्रहात) नसलेलं नाव मागितलं की ‘की एरर’, किंमत चुकीच्या स्वरूपाची असली की ‘व्हॅल्यू एरर’. पण ही सगळी भाषेची दुखणी झाली. पतसंस्थेची दुखणी पायथनला कुठून माहीत असणार?

मग नवखा प्रोग्रॅमर काय करतो? शिल्लक कमी पडली की जवळात जवळचं म्हणून ‘व्हॅल्यू एरर’ फेकतो. इकडे सभासदाने रकमेच्या जागी ‘पाचशे’ असं अक्षरात लिहिलं, तर त्याचा आकडा करताना पायथन स्वतःच ‘व्हॅल्यू एरर’ फेकतं. (‘५००’ असं देवनागरी अंकांत लिहिलं तर मात्र पायथन ते मुकाट्याने ५०० समजतं. हे कळलं तेव्हा मला उगाचच आनंद झाला होता.) आता वर बसलेल्याच्या हातात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाने आल्या. एकात सांगायचंय ‘रक्कम आकड्यांत लिहा’, दुसऱ्यात ‘शिल्लक कमी आहे’. ओळखायचं कसं?

‘मेसेज वाचून’, असं उत्तर येतं. आम्हीही तेच केलं होतं.

## ४८ एसएमएस

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी आम्ही हप्ते कापणारा प्रोग्रॅम लिहिला होता. महिन्याच्या एक तारखेला रात्री अकरा वाजता तो सुरू व्हायचा. हप्ता कापताना एरर आला तर त्याच्या मेसेजमध्ये ‘शिल्लक अपुरी’ हे शब्द शोधायचा. सापडले तर त्या खात्याची पाळी पाच तारखेला पुन्हा. नाही सापडले तर सर्व्हर किंवा नेटवर्कची अडचण असणार असं धरून दर दहा मिनिटांनी नवा प्रयत्न. आणि हप्ता कापला गेला नाही की सभासदाला एसएमएस.

दीड वर्ष काही झालं नाही. मग आमच्यातल्याच एकाला वाटलं की ‘शिल्लक अपुरी’ जरा तुसडं वाटतं. त्याने ते ‘आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ असं केलं. भाषा सुधारली, यात शंका नाही. शब्द मात्र जुळेनासे झाले, आणि प्रोग्रॅमच्या लेखी रिकामं खातं म्हणजे नेटवर्कची अडचण झाली. रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत दर दहा मिनिटांनी तो प्रामाणिकपणे प्रयत्न करत राहिला. ज्यांच्या खात्यात पैसे नव्हते त्या प्रत्येक सभासदाला रात्रभरात ४८ एसएमएस गेले. सकाळी संस्थेच्या दारात एक आजोबा फोन उंच धरून उभे होते. ‘हप्ता चुकला हे एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं मला,’ एवढंच म्हणाले.

मेसेज माणसासाठी असतो. तो कोणीही, कधीही, चांगल्या हेतूने बदलू शकतो, त्याचा अनुवादही होऊ शकतो. प्रोग्रॅमने ज्यावर निर्णय घ्यायचा ती खूण वेगळी हवी. कस्टम एक्सेप्शनमध्ये ती खूण म्हणजे क्लासचं नाव.

## दोन ओळींचा क्लास

क्लास म्हणजे वस्तूचा साचा. एक्सेप्शन हीसुद्धा पायथनमध्ये एक वस्तूच, तेव्हा तिचाही क्लास असतो आणि त्यावरून आपण आपला क्लास काढू शकतो. पायथनचे स्वतःचे शब्द रोमन अक्षरांतच लिहावे लागतात, इथे ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत. क्लासची नावं मात्र पायथन ३ मध्ये खरोखरच देवनागरीत चालतात.

क्लास पतसंस्था_एरर(एक्सेप्शन):
    पास

क्लास शिल्लक_अपुरी(पतसंस्था_एरर):
    पास

क्लास सर्व्हर_बंद(पतसंस्था_एरर):
    पास

‘पास’ म्हणजे आत काहीच लिहायचं नाही. रिकामा क्लास? होय, रिकामाच. इथे कामाचं आहे ते नाव, आणि कंसातलं आडनाव. ‘शिल्लक_अपुरी’ ही ‘पतसंस्था_एरर’च्या घरातली, आणि ते घर पायथनच्या ‘एक्सेप्शन’च्या वाड्यातलं. याला इनहेरिटन्स म्हणतात, वारसा.

फेकताना:

इफ शिल्लक < रक्कम:
    रेज शिल्लक_अपुरी("आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही")

आणि वर, पकडताना:

ट्राय:
    हप्ता_कापा(खातं)
एक्सेप्ट शिल्लक_अपुरी:
    पाच_तारखेला_पुन्हा(खातं)
एक्सेप्ट सर्व्हर_बंद:
    दहा_मिनिटांनी_पुन्हा(खातं)
एक्सेप्ट पतसंस्था_एरर:
    मॅनेजरच्या_यादीत(खातं)

आता अवतरण चिन्हांतलं मराठी कितीही गोड करा, रात्रीची झोप मोडणार नाही.

आडनावाचा उपयोग शेवटच्या ‘एक्सेप्ट’मध्ये दिसतो. उद्या कोणी ‘खातं_गोठवलेलं’ नावाचा नवा क्लास आणला आणि इथे सांगायला विसरला, तरी आडनावावरून तो पकडला जाईल आणि मॅनेजरच्या यादीत जाईल. दहा मिनिटांच्या फेऱ्यात सापडणार नाही.

क्रम मात्र सांभाळायचा. पायथन वरून खाली बघतं आणि पहिलं जुळेल तिथे थांबतं. आडनावाची ओळ सगळ्यात वर टाकली तर खालच्या दोन्ही ओळी कधीच चालणार नाहीत, आणि पायथन त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. जावा इथे बरी, ती कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधीच, अडवते.

## पायथनलाही हे उशिरा सुचलं

हा नवशिक्यांचा घोळ वाटत असेल तर पायथनचीच हकिगत बघा. फाइल उघडता आली नाही की पूर्वी एकच एरर यायचा, ‘आय-ओ एरर’. फाइलच नाही, की आहे पण उघडायची परवानगी नाही, हे जाणून घ्यायला त्याच्या आतला एक क्रमांक तपासावा लागे. २ असेल तर फाइल नाही, १३ असेल तर परवानगी नाही. आकडे ऑपरेटिंग सिस्टिमचे, लक्षात ठेवायचे आपण. वर पुन्हा ‘आय-ओ एरर’ आणि ‘ओएस एरर’ हे दोन वेगळे, कुठलं फंक्शन कुठला फेकेल ते दरवेळी बघायचं.

२०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ मध्ये हे आवरलं. सगळे ‘ओएस एरर’खाली एकत्र आणले आणि त्याच्या पोटात नावाचे क्लास दिले: ‘फाइल नॉट फाउंड एरर’, ‘परमिशन एरर’ आणि आणखी काही. जुना कोड मोडला नाही, कारण नवी नावं जुन्या आडनावाचीच होती. ‘ओएस एरर’ पकडणाऱ्याच्या जाळ्यात ती पूर्वीसारखीच येत राहिली. चालत्या प्रोग्रॅममध्ये कारणं वेगळी करायची असतील तर वारशाचा हा फायदा फार मोठा आहे, आणि प्रॅक्टिकलच्या तासाला नेमका तोच सांगायचा राहतो.

## कारण न विचारता कारवाई केली तर

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं नवं रॉकेट, आरियान ५, पहिल्यांदा उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले.

हा किस्सा प्रोग्रॅमिंगच्या वर्गात नेहमी सांगतात, आणि बहुतेक वेळा अर्धाच: ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबला, मावला नाही, संपलं. उणे-अधिक चिन्ह धरून १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतं, आणि आडव्या वेगाशी निगडित असलेला तो आकडा त्याहून मोठा झाला. कोड आरियान ४ साठी लिहिलेला होता, तिथे तो एवढा वाढत नसे. इथवर बरोबर.

पण उरलेली अर्धी गोष्ट आपल्या विषयाची आहे. प्रोग्रॅम एडा भाषेत होता आणि आकडा मावला नाही तेव्हा रीतसर एक्सेप्शन आलं होतं. ते हाताळायचं कसं हेही ठरलेलं होतं: एक्सेप्शन आलं की बिघाड कळवायचा आणि दिशादर्शक यंत्राचा प्रोसेसर बंद करायचा. का, तर एक्सेप्शन म्हणजे यंत्रातला आकस्मिक बिघाड असणार, आणि यंत्र बिघडलं तर शेजारी तसंच दुसरं राखीव आहेच. हा बिघाड यंत्राचा नव्हता, सॉफ्टवेअरचा होता. राखीव यंत्रातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे ते क्षणभर आधी त्याच कारणाने बंद पडलेलं. बंद पडताना मुख्य यंत्राने पाठवलेली बिघाडाची माहिती रॉकेटच्या संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचली आणि नळकांडी टोकापर्यंत वळवली.

केवळ वेगळ्या नावाच्या क्लासने रॉकेट वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. चौकशी समितीने इतर बऱ्याच चुका दाखवल्या आहेत. तो हिशोब उड्डाणानंतर चालू ठेवायची गरजच नव्हती, ही त्यातली एक. पण ‘एक्सेप्शन आलं म्हणजे अमुकच झालं असणार’ हे गृहीतक आणि आमचं ‘शब्द जुळले नाहीत म्हणजे नेटवर्क असणार’ हे गृहीतक सख्खी भावंडं आहेत.

## कागदावर आणखी काय लिहायचं?

रिकामा क्लास बऱ्याचदा पुरतो. कधी आकडे हवे असतात: किती मागितले, किती होते. ते मेसेजच्या वाक्यात गुंफू नका, क्लासमध्ये स्वतंत्र ठेवा. म्हणजे पकडणारा ‘एरर.कमी_पडलेले’ असं सरळ विचारू शकेल, वाक्यातून २०० हा आकडा चिमट्याने उपसायला नको.

इथे पायथनमध्ये एक खाच आहे. तुमच्या क्लासला तीन गोष्टी द्याव्या लागत असतील आणि तुम्ही मूळ ‘एक्सेप्शन’कडे त्यातला फक्त मेसेज पुढे पाठवत असाल, तर एरवी सगळं छान चालतं. ज्या दिवशी ते एक्सेप्शन एका प्रोसेसमधून (चालत्या प्रोग्रॅममधून) दुसरीत पाठवायची वेळ येते त्या दिवशी पायथन ते पुन्हा बांधायला जातं, हातात एकच गोष्ट असते, आणि भलताच ‘टाइप एरर’ येतो. तिन्ही गोष्टी मूळ क्लासकडे सोपवल्या की ही कटकट उरत नाही.

डेटाबेसचा एरर पकडून त्याजागी आपला ‘सर्व्हर_बंद’ फेकत असाल तर ‘रेज सर्व्हर_बंद फ्रॉम मूळ_एरर’ असं लिहा. ‘फ्रॉम’मुळे मूळ कारण सोबत टाचलेलं राहतं आणि शोधणाऱ्याला दोन्ही दिसतात. आणि पिन, पासवर्ड, आधार क्रमांक चुकूनही आत ठेवू नका. एक्सेप्शन लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, जातं आणि लॉग कोण कोण वाचतं याचा हिशोब कोणाकडे नसतो.

## ‘मग काय, प्रत्येक चुकीला एक क्लास?’

नाही! हा दुसऱ्या टोकाचा आजार. चाळीस क्लासची फाइल मी पाहिली आहे, ‘नाव_रिकामं’, ‘नाव_फार_लांब’, ‘नावात_आकडा’. पकडणारा या तिघांचं एकच करत होता, मेसेज दाखवत होता. तिथे एक ‘नाव_चुकीचं’ पुरे.

माझी कसोटी एवढीच: हे नाव पकडणारा वेगळं काय करणार? काहीच नाही, तर नवा क्लास नको. भाषेतलं तयार नाव अर्थाला नेमकं लागू असेल तरी नको. रक्कम अक्षरात लिहिली, ‘व्हॅल्यू एरर’ आला, तो बरोबरच आहे.

## ‘हे सगळं इफनेच होतं की’

होतं, जेव्हा कळणारा आणि ठरवणारा शेजारी शेजारी असतात. पडद्यावरच तपासायचं असेल तर इफ लिहा, एक्सेप्शनच्या भानगडीत पडू नका. मधे चार पायऱ्या असतील तर त्या प्रत्येक पायरीला ‘खालून काही आलंय का’ हे विचारत बसावं लागतं, आणि एक पायरी विसरतेच.

काही भाषांनी यावर वेगळंच उत्तर दिलंय. गो आणि रस्टमध्ये चूक ही फंक्शनच्या उत्तराचाच भाग असते, आणि रस्टमध्ये तर ती नकळत टाळून पुढे जाणं अवघड. जावाने काही एक्सेप्शन्स पकडणं किंवा जाहीर करणं सक्तीचं केलं. सी शार्पने ती सक्ती घेतली नाही, कोटलिननेही नाही. सक्तीचा परिणाम काय होतो ते जावाच्या कुठल्याही जुन्या प्रकल्पात दिसतं: कंपाइलर गप्प बसावा म्हणून एक्सेप्शन पकडायचं आणि कंसात काहीच लिहायचं नाही. आलेला मेमो न वाचता केराच्या टोपलीत. याहून उणे एक बरं.

## ‘शिल्लक कमी असणं यात अपवाद कसला? रोजचंच आहे’

हा आक्षेप मला पटतो, अर्धा. पतसंस्थेत शिल्लक कमी पडणं ही रोजची गोष्ट आहे. पण ‘हप्ता कापा’ या फंक्शनने हप्ता कापण्याचं वचन दिलेलं असतं, आणि ते पाळता आलं नाही हे त्याला सांगावंच लागतं. नाव द्यायची पायथनची रूढीही हा फरक मानते. चूक असेल तर नावाच्या शेवटी ‘एरर’ लावतात. यादी संपली हे सांगणारं ‘स्टॉप इटरेशन’ हेही एक्सेप्शनच, पण चूक नाही, म्हणून त्याला ते शेपूट नाही. त्या हिशोबाने आमच्या ‘शिल्लक_अपुरी’लाही ‘एरर’ लावायला हवा होता. आम्ही लावला नाही. नाव फार लांब व्हायचं.

त्या पतसंस्थेचा प्रोग्रॅम अजून चालू आहे. पहिल्या उत्साहात आम्ही नऊ क्लास केले होते, आता चार आहेत. मागच्या वर्षी एकाने ‘सभासद_मयत’ असा पाचवा सुचवला. कसोटी लावली: पकडणारा वेगळं काय करेल? संस्थेच्या मॅनेजर बाई म्हणाल्या, ‘वेगळं म्हणजे, त्या नंबरवर एसएमएस जाता कामा नये. फोन घरच्यांच्या हातात असतो.’ त्या दिवशी पाचवा क्लास लिहिला.